संकर आणि समष्टी

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेला त्रिरश्मी पर्वताच्या कपारीत जी लेणी खोदलेली आहेत आणि ज्यांना लोक पिढ्यानपिढ्या पांडवलेणी म्हणत आले आहेत, त्यांपैकी तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत एका मातेने आपल्या दिवंगत पुत्राची कीर्ती दगडात नोंदवून ठेवली आहे. गौतमी बलश्री हे त्या मातेचे नाव. पुत्र सातवाहनकुलातील गौतमीपुत्र सातकर्णी. आणि नोंदीचा काळ नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष, म्हणजे इसवी सनाचे दुसरे शतक. शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा, क्षत्रियांचा दर्प उतरविणारा, क्षहरातांचा वंश निर्मूल करणारा अशी विशेषणांची रास रचीत असता त्या प्राकृत प्रशस्तीने राजाच्या पदरी आणखी एक पुण्य घातले आहे: त्याने चार वर्णांचा संकर थांबविला. हे लेणे ज्यांना दान दिले ते बौद्ध भिक्षू होते, आणि वर्णशुद्धीचे हे गुणगान त्यांच्याच ओसरीवर कोरले गेले. तेव्हा ना दात्रीला त्यात विसंगती वाटली, ना घेणाऱ्यांना. इतिहासाला अशा विसंगतींची सवयच असते.

त्याच डोंगरावर थोड्या अंतरावर नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. हा जातीने शक, पण नाव धारण केले ते संस्कृत वळणाचे. ब्राह्मणांना गाईंची दाने दिली, तीर्थांवर घाट बांधविले, भिक्षूंसाठी लेणे खोदविले. ज्या संकराचा बंदोबस्त केल्याचा अभिमान तिसरे लेणे मिरविते, तो संकर शेजारच्या लेण्यात सुखाने नांदत होता. आणि पुढे सातवाहनांच्याच घरात महाक्षत्रपाची कन्या सून म्हणून आली, याची साक्ष कान्हेरीचा लेख देतो. तथापि या प्रशस्तीला केवळ भाटगिरी म्हणून बाजूस सारणे आता तितकेसे सोपे राहिलेले नाही. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील आणि हार्वर्ड येथील संशोधकांनी २०१३ साली भारतातील अनेक जातिजमातींच्या जनुकांचा अभ्यास करून असे दाखविले की, या भूमीतील दोन प्राचीन जनसमूहांचे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात सर्वत्र, अगदी दूरच्या जमातींपर्यंत, होत राहिले, आणि त्यानंतर ते पुष्कळ अंशी थांबले. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संशोधकांनी २०१६ मध्ये ही सीमा सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वीची, म्हणजे काहीशी अलीकडची, ठरविली. एका राजाच्या हुकमाने लोकांचे विवाहव्यवहार बदलतात असे मानण्याइतका भोळेपणा कोणी दाखवू नये. पण दरवाजे मिटू लागले तो काळ आणि ते मिटल्याचे पुण्य म्हणून कोरले गेले तो काळ हे एकमेकांपासून फार दूर नाहीत, एवढे मात्र खरे.

प्रस्तुत लेखाचा विषय जातिव्यवस्थेचा इतिहास हा नाही. शुद्धता हे स्वतःच एक श्रेय आहे, आणि मिश्रण हा स्वतःच एक क्षय आहे, अशी जी धर्मभावना कुरुक्षेत्रावरच्या अर्जुनाच्या भयापासून आमच्या आजोळच्या सोवळ्यापर्यंत अखंड वाहत आली, तिला देहाच्या रचनेत काही आधार आहे काय, हा प्रश्न आहे. आणि तो विचारण्यास योग्य असे एक ठिकाण देहात आहे. कारण आपले कोणते आणि परके कोणते याचा निवाडा तेथे क्षणोक्षणी चालू असतो.

मनुष्याच्या सहाव्या गुणसूत्रावर जनुकांचा एक समूह आहे. त्याला शास्त्रज्ञ एचएलए या संक्षेपाने ओळखतात. या जनुकांपासून घडणाऱ्या रेणूंचे काम असे की, पेशीच्या आत जी प्रथिने मोडली जातात त्यांचे लहान लहान तुकडे, बहुधा नऊ अमिनो आम्लांचे, आपल्या माथ्यावरील खोबणीत धरून पेशीच्या पृष्ठभागावर मांडावयाचे. टी-पेशी नावाचे पहारेकरी येऊन ते मांडलेले तुकडे तपासतात. तुकडा घरचाच असेल तर पुढे जातात. विषाणूचा असेल तर ती पेशीच नष्ट करतात. खोबणीचा आकार ज्या जनुकावर अवलंबून असतो त्याची रूपे मात्र सर्व माणसांत एकसारखी नाहीत. पॅरिसच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये या भेदांपैकी पहिला ओळखला. आज नोंदल्या गेलेल्या रूपांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली आहे. मनुष्याच्या संपूर्ण जनुकसंपदेत इतके वैविध्य दुसऱ्या कोणत्याही भागात नाही. डोळ्यांचा रंग, केसांचे वळण, नाकाची ठेवण, ज्यांवरून मनुष्य मनुष्याला वेगळा लेखतो, ते भेद यापुढे अगदी किरकोळ होत.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करणाऱ्या पंडितांनी शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या, आणि पाठभेदांच्या अरण्यातून मूळ पाठापर्यंत जाण्याची वाट शोधली. कारण त्यांची श्रद्धा अशी की पाठभेद हा लेखनिकाच्या हातून घडलेला दोष, आणि मागे कोठेतरी एक शुद्ध संहिता आहे. एचएलएच्या प्रांतात ही श्रद्धा टिकत नाही. येथे पाठभेद हीच संहिता होय. यान क्लाइन यांनी १९८० नंतरच्या दशकात जे दाखविले ते ऐकून तर सोवळ्या मनाला धक्काच बसावा: यांतील काही रूपे मनुष्यजातीपेक्षा जुनी आहेत, मनुष्य आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटण्यापूर्वी, म्हणजे साठ लाख वर्षांहून अधिक काळापूर्वी, ती होती आणि दोन्ही वंशांत ती उतरली. म्हणून नाशिकच्या एखाद्या कुलीन गृहस्थाला पित्याकडून मिळालेले रूप आणि मातेकडून मिळालेले रूप यांत जितके अंतर असेल, त्याहून कमी अंतर त्यांपैकी एकात आणि आफ्रिकेच्या अरण्यातील एखाद्या चिंपांझीच्या रूपात असू शकते. वंशावळीच्या वह्या सांभाळणाऱ्या पंचवटीतील तीर्थोपाध्यायांना, ज्यांच्या दप्तरात यजमानांची घराणी पिढ्या-पिढ्यांच्या सह्यांसह रुजू आहेत, ही शाखा कोठे दाखल करावी असा प्रश्न पडेल.

इतकी रूपे टिकली का? सामान्य नियम असा की, ज्याचा उपयोग अधिक ते रूप वाढते आणि बाकीची लोप पावतात. येथे तसे घडले नाही, याची कारणे शोधणाऱ्यांत पहिला विचार जे. बी. एस. हॉल्डेन यांचा. हे पुढे भारतात येऊन स्थायिक झाले आणि भारताचे नागरिक म्हणूनच वारले. १९४९ च्या आपल्या एका निबंधात त्यांनी असे सुचविले की, रोगजंतू हा बहुसंख्यांचा अभ्यास करतो. जे रूप समाजात फार पसरले त्याला चकविण्याची युक्ती तो लौकर शिकतो, आणि म्हणून विरळ रूप धारण करणारा मनुष्य, केवळ विरळ असल्यामुळे, सुरक्षित राहतो. त्याची संतती वाढते, रूप पसरते, आणि पसरताच ते असुरक्षित होते. श्रेष्ठत्व असे हातोहात फिरत राहते. कोणाच्याही घराण्यात त्याचे वतन होत नाही. दुसरे कारण डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७५ मध्ये मांडले: ज्याला मातापित्यांकडून भिन्न रूपे मिळाली त्याच्या दोन प्रकारच्या खोबणी अधिक विविध तुकडे धरू शकतात, म्हणून त्याच्या देहाला अधिक शत्रू ओळखता येतात. १९९९ मध्ये एचआयव्हीबाधित रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांची रूपे भिन्न होती त्यांना एड्सची अवस्था उशिरा गाठते, असे आढळलेही. तिसरे कारण देशकालाचे: एका खोऱ्यात हिवताप, दुसऱ्यात क्षय, या शतकात पटकी, त्या शतकात देवी, निवडीचे माप सतत बदलते, म्हणून कोणतेही एक रूप कायमचे जिंकत नाही. आणि १९८८ मध्ये ह्यूज आणि नेई यांनी दाखविले की, या जनुकांतील फेरबदल खोबणीच्या नेमक्या जागी, जेथे तुकडा बसतो तेथेच, दाटलेले आहेत. म्हणजे हे वैविध्य यदृच्छेने साचलेले नाही. ते निवडले गेलेले आहे.

येथे वाचक विचारील की, वैविध्य इतके हितकर आहे तर प्रत्येक माणसालाच शेकडो रूपे का मिळू नयेत? एका देहात तर या रूपांची संख्या थोडीच असते. पहिल्या वर्गातील तीन प्रमुख जनुकांची दोन्हीकडून मिळून फार तर सहा. याचे जे उत्तर पुष्कळांना पटते ते मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. उरोस्थीच्या मागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. तेथे तरुण टी-पेशींची परीक्षा होते आणि ज्या आपल्याच देहाच्या तुकड्यांवर चालून जातात त्यांना तेथेच मारले जाते. देहातील खोबणींचे प्रकार जितके वाढतील तितके देहाचे स्वतःचे तुकडे अधिक मांडले जातील, आणि तितक्या अधिक टी-पेशी आप्तद्रोहाच्या आरोपाखाली बाद होतील. शेवटी पहारेकरीच उरणार नाहीत. म्हणून सर्व रूपे एका देहात साठविता येत नाहीत. कोणत्याही एका व्यक्तीत, ती कितीही बलवान, कितीही कुलीन, कितीही तपस्वी असो, मनुष्यजातीचे पूर्ण संरक्षण नाही. ते आहे ते केवळ सर्वांत मिळून, आणि तेही परस्परांहून भिन्न असलेल्या सर्वांत. समष्टी ही व्यष्टींची बेरीज असे आपण सहज म्हणतो. येथे समष्टीपाशी असे एक सामर्थ्य आहे की जे कोणत्याच व्यष्टीला, तत्त्वतःसुद्धा, धारण करता येत नाही.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी विवाहाच्या बाबतीत दोन कुंपणे घातली, एक बाहेरचे आणि एक आतले. जातीबाहेर जाऊ नये आणि सगोत्रात वा सपिंडात करू नये. आतल्या कुंपणाकडे बोट दाखवून कित्येक अभिमानी लोक असे म्हणतात की पूर्वजांना आनुवंशिकीचे ज्ञान होते. मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी सापिंड्याचा पाया एकाच देहाच्या अंशांचे वाटप हा मानला आणि बापाकडून सात, आईकडून पाच पिढ्या वर्ज्य केल्या, यात सूक्ष्म दृष्टी निःसंशय आहे. पण गोत्राचा हिशेब वेगळा. गोत्र केवळ पुरुषपरंपरेने चालते. सहावे गुणसूत्र आई आणि बाप दोघांकडून येते आणि त्याला गोत्र ठाऊक नसते. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि मामाचे गोत्र वेगळेच असल्यामुळे ती चाल गोत्रनियमाच्या चाळणीतून बिनतक्रार निसटते. अशा विवाहाच्या संततीत, या जनुकसमूहाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या, म्हणजे तंतोतंत एकच, असण्याची शक्यता सोळांत एक असते. उलट, एकाच गोत्राची पण शेकडो वर्षे एकमेकांचे तोंड न पाहिलेली दोन घराणी या हिशेबात जवळजवळ परकीच. १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठी दूर केली तेव्हा पुष्कळांना धर्म बुडाल्यासारखे वाटले होते. देहाच्या दप्तरात त्या दिवशी काही विशेष नोंद झाली नाही.

बाहेरचे कुंपण, म्हणजे जात, हे मात्र खरोखर परिणामकारक ठरले. इरावती कर्वे यांनी मोजपट्ट्या आणि कोष्टके घेऊन महाराष्ट्रभर माणसे मोजली, आणि पुढे मल्होत्रा यांच्यासह एकाच श्रेणीच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. एका नावाखाली मोडणारे गट देहाच्या साक्षीने एक नव्हेत, हे त्यांचे आग्रहाचे म्हणणे. शेकडो वर्षे आपल्याआपल्यात विवाह करणाऱ्या लहान समूहात योगायोगाने काही रूपे वाढतात, काही कायमची नाहीशी होतात. शुद्धता म्हणून जिचा गौरव झाला ती या दृष्टीने पाहता हळूहळू होणारी एक दरिद्रता आहे.

आता ‘स्व’विषयी. देह परक्याला कसा ओळखतो याचा जो शोध डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना १९७४ मध्ये कॅनबेरा येथे लागला, आणि ज्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा आशय असा की, टी-पेशी विषाणूला एकट्याला कधीच पाहत नाही. तो आपल्याच एचएलए रेणूच्या खोबणीत बसलेला असेल तरच पाहते. परक्याची ओळख आपल्याच चौकटीतून होते, आणि ती चौकट स्वतः अशी की तिचे निम्मे बापाच्या घरचे, निम्मे आईच्या. गर्भाशयात वाढणारे मूल तर या निवाड्याप्रमाणे निम्मे परकेच असते, तरीही माता त्याला नऊ महिने धारण करते. इतकेच नव्हे, तर त्या मुलाच्या काही पेशी प्रसूतीनंतर कित्येक दशके तिच्या रक्तात फिरत राहतात. अद्वैती याला आत्मैक्याचा दाखला म्हणेल. त्रिरश्मीवरचे भिक्षू, ज्यांचा सिद्धांत अनात्मतेचा, ते म्हणतील की स्थिर असा ‘स्व’ नाहीच, आहे तो केवळ सतत चालणारा व्यवहार. माझा कल, या एका बाबतीत, भिक्षूंकडे झुकतो.

परंतु येथवर आलेल्या वाचकाने वैविध्याचे स्तोत्र गाऊ लागण्यापूर्वी त्याची किंमतही पाहिली पाहिजे, आणि ती फार भारी आहे. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग लौकरच आगगाडीच्या वाटेने नाशिकमध्ये पोचला. लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहावयास गेले. नाशिकजवळच्या भगूर गावी १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर आणि त्यांचे बंधू या रोगाने गेले. त्याच घरातील दोन मुलगे, गणेश आणि नारायण, रोग जडूनही वाचले. एकाच छपराखाली कोण जातो आणि कोण राहतो हे वय, शुश्रूषा, जंतूंची मात्रा अशा पुष्कळ गोष्टींवर ठरते आणि देहातील वारशाचाही त्यात वाटा असतो. समष्टी टिकते याचा अर्थ ती कोणाच्या तरी जाण्यावर टिकते. याचे निष्ठुर, पण अगदी स्वच्छ उदाहरण याच जिल्ह्यात आहे. सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतील आदिवासी समाजांत सिकलसेलचे जनुक आढळते. ते एकाच बाजूने मिळाले तर मनुष्य घातक हिवतापापासून बराच सुरक्षित राहतो. दोन्ही बाजूंनी मिळाले तर आयुष्यभर वेदनांचे झटके. वाहक दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला पहिली स्थिती लाभण्याची शक्यता निम्मी, दुसरी वाट्यास येण्याची चतुर्थांश. एचएलएमध्ये हीच गोष्ट अधिक गुंतागुंतीने घडते: बी-२७ हे रूप एचआयव्हीची गती रोखते, आणि तेच रूप तरुण माणसाचा पाठीचा कणा ताठ गोठविणाऱ्या सांधेरोगाशी जोडलेले आहे, हे १९७३ पासून ज्ञात आहे. गुण आणि दोष येथे एकाच रेणूची दोन नावे आहेत.

या हिशेबापुढे कर्मसिद्धांत मांडणारा म्हणेल की, सिकलसेलचे जनुक दोन्ही बाजूंनी मिळाले हे त्या मुलाचे प्रारब्ध. ईश्वरवादी म्हणेल की समष्टीच्या कल्याणाची योजना. पहिल्याचे म्हणणे खोडून काढता येत नाही, आणि म्हणूनच ते मला निरुपयोगी वाटते. पण दुसऱ्याचे म्हणणे मला अधिक आक्षेपार्ह वाटते. पेठच्या एखाद्या झोपडीत रात्रभर हाडांच्या कळांनी विव्हळणाऱ्या मुलाला, तुझ्या भावाला हिवताप झाला नाही म्हणून तुझे दुःख सार्थ आहे, असे सांगणारा ईश्वर मला नको आहे. निवड ही योजना नव्हे. ती कोणालाही उद्देशून घडत नाही. तिच्यात कृपा नाही तसा अन्यायही नाही. तिला धर्माचे वस्त्र नेसविणे ही आपली हौस.

हाच संयम दुसऱ्या बाजूनेही पाळला पाहिजे. निसर्ग वैविध्य जपतो म्हणून जातिभेद वाईट, असा युक्तिवाद मी करणार नाही, जरी तो करण्याचा मोह अनावर आहे. जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, बाकी सारे त्याचे परिणाम, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात सांगितले तेव्हा एचएलएचे नावही जन्मले नव्हते. २ मार्च १९३० रोजी भाऊराव गायकवाड आणि त्यांचे सहस्रावधी सोबती काळाराम मंदिराच्या दारी उभे राहिले, किंवा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा झाली, ती मनुष्य म्हणून असलेल्या हक्काच्या बळावर. उद्या एखाद्या प्रयोगशाळेने संकर हा देहाला अपायकारक आहे असे सिद्ध केले तरी त्या हक्काला बाध येणार नाही. रेणूंच्या साक्षीने इतकेच होते की, शुद्धतेच्या पक्षाने निसर्गाला आपला साक्षीदार म्हणून जो हजर केला होता, तो उलटतपासणीत टिकत नाही.

आणि तरीही या प्रकरणाचे एक पान असे आहे की जे उलटताना मी अडखळतो. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला अस्थिमज्जा हवी असते, आणि तिच्यासाठी दात्याचे एचएलए जुळावे लागते. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक; भावंड नसेल किंवा जुळत नसेल तर स्वेच्छादात्यांच्या नोंदवहीत शोध घ्यावा लागतो. तेथे दाता बहुधा त्याच समाजात सापडतो ज्यात तो मुलगा जन्मला. कारण शेकडो वर्षांच्या अंतर्विवाहाने तीच ती रूपे तेथे एकत्र राखून ठेवलेली असतात. ज्या कुंपणाच्या आत वाहकाला वाहक जोडीदार सहज मिळाला आणि रोग त्या घरात आला, त्याच कुंपणाच्या आत औषधही आहे. असा एखादा बाप ज्ञातिबांधवांच्या मेळाव्यात उभा राहून, एकेकाने आपले रक्त तपासून घ्यावे अशी हात जोडून विनवणी करतो, तेव्हा त्याला संकराचे माहात्म्य ऐकविण्यास मी जाणार नाही.